डायइलेक्ट्रिक सिरॅमिकच्या अभ्यासातील इम्पिडन्स स्पेक्ट्रॉस्कोपी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
हिंगोलीसह मराठवाड्यातील महाविद्यालयांत फेराइट, टायटनेट यांसारख्या सिरॅमिक पदार्थांचे संशोधन मफल भट्टी, पेलेट प्रेस व एलसीआर मीटर एवढ्या साधनांवरही करता येते. मात्र अशा संशोधनात डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचा मोठा आकडा हीच पदार्थाची गुणवत्ता मानण्याचा मोह असतो. प्रस्तुत लेखात या प्रवृत्तीची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
भाजलेली पेलेट विद्युतदृष्ट्या एकसंध नसते. कण, कणसीमा आणि इलेक्ट्रोड या तिन्हींचा परिणाम एकाच वारंवारतेवर घेतलेल्या वाचनात मिसळलेला असतो. इम्पिडन्स स्पेक्ट्रॉस्कोपीत वारंवारता क्रमाने बदलली जाते. प्रत्येक घटकाचा शिथिलन काल म्हणजे त्याचा रोध व धारिता यांचा गुणाकार होय. हे काल पुरेसे भिन्न असल्यास आलेखात स्वतंत्र अर्धवर्तुळे उमटतात.

कॅल्शियम कॉपर टायटनेटचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. एम. ए. सुब्रमण्यन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे १०,००० असल्याचे नोंदविले. २००२ मध्ये डेरेक सिंक्लेअर व सहकाऱ्यांनी इम्पिडन्स स्पेक्ट्रॉस्कोपीने दाखविले की, या सिरॅमिकमधील कण अर्धवाहक असून कणसीमा विद्युतरोधक आहेत. यामागील गणित सोपे आहे. कणसीमेचा स्थिरांक १०० आणि कणाचा आकार सीमेच्या जाडीच्या १०० पट असेल, तर पेलेटचा भासमान स्थिरांक १०,००० येतो. त्याच वर्षी पीटर लुंकेनहायमर व सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोडजवळील थरामुळेही असा आभास निर्माण होतो, हे निदर्शनास आणले. म्हणजेच तो आकडा स्फटिकाचा गुणधर्म नसून रचनेचा परिणाम ठरला.

तथापि ही पद्धतीही निर्दोष नाही. एकच आलेख अनेक समतुल्य मंडलांशी जुळू शकतो. घटक वाढविले की जुळणी सुधारते, पण अर्थ स्पष्ट होतोच असे नाही. तसेच कणांचा रोध अत्यल्प असल्यास, खोलीच्या तापमानाला १ मेगाहर्ट्झपर्यंतच्या मापनात त्यांचे अर्धवर्तुळ दिसतच नाही. अशा वेळी दिसणाऱ्या एकमेव अर्धवर्तुळाला 'कणांचे' म्हणणे हा निष्कर्ष नसून केवळ गृहीतक होय.

निष्कर्ष :
यावरील उपाय खर्चिक नाहीत. पेलेटची जाडी बदलून, तसेच सिल्व्हर पेस्टऐवजी दुसरा इलेक्ट्रोड वापरून मापन पुन्हा घ्यावे. जाडीबरोबर भासमान स्थिरांक वाढत असेल, तर त्याचे मूळ इलेक्ट्रोडपाशी शोधावे. मार्गदर्शक व परीक्षक यांनी या दोन चाचण्यांचा आग्रह धरल्यास साध्या प्रयोगशाळेतील कामही विश्वासार्ह ठरेल. औंढा नागनाथ परिसरात होऊ घातलेल्या लायगो-इंडिया प्रकल्पास २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तेथेही मूळ संकेत आणि उपकरणाचा गोंगाट वेगळा करणे हेच मुख्य आव्हान राहणार आहे. मापनाची ही शिस्त जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर प्रयोगशाळेतच लागणे अगत्याचे आहे.