बालचित्रपुस्तकातील विनोद

मराठीत बालवाङ्मयाची चिकित्सा बहुधा संस्कार, भाषासौष्ठव आणि वयोमान या कसोट्यांवर होत आली आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी असलेल्या विनोदी चित्रपुस्तकाला त्या अपुऱ्या पडतात; कारण अशा पुस्तकाला एकाच वेळी दोन वाचक असतात. मोठे माणूस शब्द वाचते, मूल चित्र वाचते.

विनोदाचे बीज या द्वैतातच आहे. पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ (१९६८) या इंग्रजी पुस्तकाची संहिता अवघी ३२ शब्दांची आहे. कोंबडी फिरायला निघाली आणि जेवणाच्या वेळेला परतली, एवढेच शब्द सांगतात. तिच्या मागावर असलेला कोल्हा व त्याची वारंवार होणारी फजिती केवळ चित्रांत आहे. वाचणाऱ्याच्या तोंडी कोल्हा येतच नाही. त्याला ओळखण्याचा मान मुलाकडे जातो. एरवी सर्वज्ञ भासणाऱ्या वडीलधाऱ्याला जे दिसत नाही ते आपल्याला दिसते, या जाणिवेचे ते हसू असते.

मराठी बालविनोदाची वाट प्राधान्याने शब्दांची राहिली. विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) या संग्रहातील गंमत नाद, यमक आणि कल्पनेचा स्वैरपणा यांवर उभी आहे. ती कानांनी घ्यावयाची. अशा वेळी चित्र शब्दांचे अनुचर होते. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या मालेत शब्द आणि चित्र एकाच हातचे असल्याने चित्राला स्वतंत्र बोलणे लाभते. त्यांना २०१४ साली साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, ही घटना या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे.

तथापि उत्तम पुस्तकही वाचणाऱ्याच्या हाती बिघडू शकते. जयपूरच्या विद्याधर नगरासारख्या हिंदी भाषेच्या परिसरात मूल वाढविणाऱ्या मराठी घरात हा धोका अधिक. कारण तेथे पुस्तकाकडे मातृभाषा टिकविण्याचे साधन म्हणून पाहिले जाणे स्वाभाविक आहे. मग प्रत्येक चित्रावर ‘हे काय?’ असा प्रश्न येतो आणि सहवाचनाची तोंडी परीक्षा होते. वस्तुतः भाषा रुजते ती मुलाला स्वतःहून काही सांगावेसे वाटते तेव्हा. विनोदाचे कारण समजावून देणारा वाचक नेमकी हीच संधी हिरावून घेतो.

म्हणून अशा पुस्तकाचे मूल्यमापन करताना त्यात काय सांगितले आहे याबरोबरच मुलाने सांगावे म्हणून काय राखून ठेवले आहे, हेही पाहिले पाहिजे.