दास्यमुक्तीचें श्रेय कोणाचें?

गुलामगिरीच्या अंताचा जो इतिहास इंग्रजी शिक्षणानें आपल्याकडे घरोघर पोंचविला, त्यांतील नायक बहुतेक सर्व धन्यांच्याच बाजूचे आहेत. विल्बरफोर्सची पार्लमेंटांतील चिकाटी, लिंकनचा जाहीरनामा, ख्रिस्ती सत्पुरुषांची करुणा, अशीं चित्रें एकामागून एक येतात. आणि गुलाम कोठें असतो? तो कोपऱ्यांत हात जोडून, आपल्या बेड्या केव्हां तुटतील याची वाट पाहत बसलेला असतो. हें चित्र सर्वस्वी खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तें अर्धें आहे, आणि अर्धें चित्र पुरें म्हणून पुढें आलें म्हणजे खोट्याहून अधिक फसवितें. उरलेलें अर्धें ज्या ग्रंथानें ठसठशीतपणें मांडलें, त्या सी. एल. आर. जेम्स यांच्या ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’चा येथें विचार करावयाचा आहे. ग्रंथ १९३८ सालचा. सुधारलेली आवृत्ति १९६३ सालीं निघाली. परंतु त्यांतील प्रश्न अद्यापि जुना झालेला नाहीं.

ग्रंथाचा विषय सॅं-दोमिंग ही फ्रेंच वसाहत, म्हणजे आजची हैती. १७८९ सालीं तेथें सुमारें पांच लाख गुलाम होते. गोरे तीसचाळीस हजारांच्या आंतबाहेर, व स्वतंत्र असलेले मिश्रवर्णी आणि काळे लोक जवळजवळ तितकेच. साखर व कॉफी यांच्या बळावर ही फ्रान्सची सर्वांत किफायतशीर वसाहत झाली होती. २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्रीं उत्तरेकडील मैदानांतले गुलाम उठले, उंसाचे मळे पेटले, साखरेचे कारखाने मोडले. आणि पुढील बारा वर्षांच्या झगड्यांत स्पेन, इंग्लंड व फ्रान्स या तिन्ही सत्तांच्या फौजांस या लोकांनीं दाद दिली नाहीं. १ जानेवारी १८०४ रोजीं हैतीच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली.

यांतील कालक्रम नीट ध्यानांत घेण्याजोगा आहे. फ्रेंच कमिशनर सोंतोनाक्स यानें उत्तर प्रांतांत मुक्तीचा जाहीरनामा काढला तो २९ ऑगस्ट १७९३ रोजीं. पॅरिसच्या कन्व्हेन्शननें सर्व वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली ती ४ फेब्रुवारी १७९४ रोजीं. अर्थात् कायदा आगीच्या मागून आला. धन्यानें दिलें म्हणून जें मानलें जातें, तें आधीं गुलामांनीं घेतलेलें होतें. कायद्यानें त्यावर शिक्का मारला.

हें दाखविण्याची जेम्स यांची रीति मोठी मार्मिक आहे. पहिल्या प्रकरणाचें नांव ‘मालमत्ता’, दुसऱ्याचें ‘मालक’. गुलामांस हिशेबाच्या वहींत मांडणाऱ्या धन्यांचाच शब्द उचलून ग्रंथकार तो त्यांच्यावर उलटवितात. दुसरा गुण याहून मोठा आहे. उठाव म्हणजे केवळ छळाचा उद्रेक, या समजुतीवर ते थांबत नाहींत. छळ तर सर्वत्रच होता. मग यश येथेंच कां? जेम्स उत्तर देतात कीं, साखरेच्या प्रचंड मळ्यांवर शेंकडों माणसें एकत्र राहत, एकत्र राबत. त्यामुळें त्या काळच्या कोणत्याहि मजुरांपेक्षां तीं आधुनिक कारखान्यांतील कामगारांच्या अधिक जवळ होतीं. ज्या शिस्तीनें धन्यानें साखर काढली, तीच शिस्त त्याच्या नाशास कारण झाली. करुणरसांत बुडालेल्या शंभर कथांपेक्षां हा एक विचार अधिक शिकवितो.

आमचा आक्षेप आहे तो निराळा. पुढारी क्रांति घडवितो तितकीच क्रांति पुढाऱ्यास घडविते, हें जेम्स जाणतात. परंतु त्यांची लेखणी तुसें लूव्हेर्त्यूर या एका पुरुषाकडे पुन्हां पुन्हां ओढली जाते. याच नायकावर त्यांनीं लिहिलेलें नाटक १९३६ सालीं लंडनमध्यें झालें होतें, आणि नाटकाची ती रंगभूमि ग्रंथांतहि उरली आहे. १८०१ च्या राज्यघटनेनें तुसें तहहयात गव्हर्नर झाला. मळे चालले पाहिजेत, साखर परदेशीं गेली पाहिजे, तरच शस्त्रें मिळतील, हा त्याचा हिशेब. म्हणून मुक्त झालेल्या माणसांस त्यानें लष्करी धाकानें पुन्हां मळ्यांवर बांधून ठेविलें. त्याच वर्षीं या धोरणाविरुद्ध उत्तरेंत बंड झालें, आणि त्याचा ठपका ठेवून तुसेंनें आपला मानलेला पुतण्या मोईझ यास गोळी घालविली. जेम्स या कृत्याची गय करीत नाहींत. पण त्यांचें दुःख थोर पुरुषाच्या चुकीचें आहे. ज्यांनीं बंड केलें त्यांस काय हवें होतें, हा प्रश्न मागेंच राहतो. १९७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें असेंहि दाखविलें कीं, तुसें उठावापूर्वीं पंधरा वर्षें तरी स्वतंत्र होता, व त्यानें कॉफीचा मळा गुलामांसह खंडानें घेतला होता. नेता आणि अनुयायी यांच्या दृष्टींतील अंतर यावरून उमगतें.

तें अंतर कॅरोलिन फिक यांच्या १९९० सालच्या ‘द मेकिंग ऑफ हैती’ या ग्रंथांत भरून निघतें. १७९४ सालीं कमिशनर पोल्व्हेरेल यानें मळ्यांवरील कामाचे नियम केले, तेव्हां कमी वांटा मिळाला तरी चालेल, पण आठवड्यांतून आणखी एक दिवस आमचा असूं द्या, असा पुष्कळ मजुरांचा आग्रह होता. स्त्रियांनीं पुरुषांइतका वांटा मागितला. स्वातंत्र्याची ही व्याख्या कोणत्याहि घटनेंत लिहिलेली नव्हती. १८०२ सालीं नेपोलियनची फौज उतरल्यावर तुसें, देसालीन, क्रिस्तोफ हे सर्व सेनापति शरण गेले. डोंगरांतील लहान लहान टोळ्या मात्र लढत राहिल्या, आणि सेनापति मागाहून त्यांस येऊन मिळाले. याच सुमारास वर्ड्‌स्वर्थनें कैदेंतील तुसेंवर प्रसिद्ध सुनीत लिहिलें. त्यांत कवि त्याला निसर्गशक्तींचा दिलासा देतो. पण त्याचे खरे सोबती त्या वेळीं डोंगरांत बंदुका घेऊन उभे होते, आणि कवीची दृष्टि तेथवर पोंचली नाहीं.

मराठी वाचकास येथें जोतीराव फुले यांचें ‘गुलामगिरी’ आठवल्यावांचून राहणार नाहीं. १८७३ सालचें हें पुस्तक त्यांनीं काळ्या गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. त्या अर्पणपत्रिकेचा रोख येथील वरिष्ठ वर्गावर होता, हें उघड आहे. पण त्यावरून जोतीराव केवळ परोपकारावर विसंबले असें समजणें चूक होईल. पुस्तकाचा मजकूर शूद्रातिशूद्रांस आपल्या दास्याचें मूळ स्वतः ओळखावयास सांगतो, आणि त्याच वर्षीं त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला. अमेरिकेंतहि यादवी युद्धांत सुमारें पावणेदोन लाख काळे शिपाई उत्तरेच्या सैन्यांत लढले होते. सज्जनांचे आभार मानावे. मुक्तीचें श्रेय मात्र केवळ त्यांच्या पदरीं बांधूं नये.

जेम्स यांच्या पहिल्या प्रकरणाचें नांव किती यथार्थ होतें, हें पुढील इतिहासानें दाखविलें. १८२५ सालीं फ्रान्सनें लढाऊ गलबतें पाठवून हैतीकडून पंधरा कोटि फ्रँक कबूल करून घेतले; १८३८ सालीं ती रक्कम नऊ कोटींवर आली. ही भरपाई मळे गमावलेल्या जुन्या मालकांसाठीं होती. मुक्त झालेली माणसें त्या हिशेबांत अजूनहि मालमत्ताच होतीं, आणि स्वतःची किंमत त्यांनींच भरावयाची होती. जेम्स यांचा ग्रंथ अवश्य वाचावा. पण त्याच्या शेजारीं फिक यांचा ग्रंथ ठेवावा, म्हणजे एका वीरापलीकडे उभे असलेले हजारों लोकहि दिसूं लागतील.