मोती, मोहरा आणि खुर्दा : युद्धस्मारकांवरची नावं

पानिपताची बातमी देणारं ते सांकेतिक पत्र तुम्हां-आम्हांला शाळेपासून ठाऊक आहे. मोती किती गळाले, मोहरा किती गेल्या, हे त्यात मोजून सांगितलंय. रुपये आणि खुर्दा मात्र बेहिशेबी. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. आमच्या मते ते पत्र म्हणजे कागदावरचं युद्धस्मारकच. पुढं दगडात जी स्मारकं झाली, त्यांतली बरीचशी याच हिशेबानं चालली.

हे उदगीरला बोलायला कारण आहे. 3 फेब्रुवारी 1760. उदगीर-औसा पट्ट्यात सदाशिवरावभाऊंनी निजामाला कोंडलं, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी फळी फोडली, आणि सुमारे 60 लाखांचा मुलूख पेशव्यांकडं आला. दौलताबादचा किल्लाही आला. ही झाली मोहरांची यादी. त्या दिवशी इथल्या काळ्या मातीत जे पडले, त्यांचं काय? वर्ष उलटायच्या आत पानिपत झालं आणि उदगीर त्याच्या सावलीत गेलं. पराभवाला आपल्या भाषेत वाक्प्रचार मिळाला, पानिपतच्या काला अंबला स्तंभ मिळाला. उदगीरच्या विजयाला पाठ्यपुस्तकात एक ओळ, तीसुद्धा पानिपताची प्रस्तावना म्हणून!

आता कोरेगाव भीमाचा स्तंभ घ्या. 1 जानेवारी 1818 ची लढाई. कंपनी सरकारनं स्वतःच्या फौजेच्या गौरवासाठी तो उभारला. हेतू साम्राज्याचाच, त्याबद्दल आम्हांला भ्रम नाही. समोरच्या बाजूनं पडलेल्या पेशव्यांच्या शिपायांचं एकही नाव त्यावर नाही. पण कंपनीकडून पडलेल्या साध्या शिपायांची नावं त्यावर कोरली गेली. 49 नावं, त्यांतली 22 'नाक' हा प्रत्यय असलेली, म्हणजे महार शिपायांची. 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले. त्या दगडावर नुसता आकडा असता, तर शंभर वर्षांनी आपलं माणूस तिथं शोधायचं कसं? उभारणाऱ्याच्या मनात नसलेला अर्थ त्या स्तंभाला नावांमुळं मिळाला. टीकाकार म्हणून आम्हांला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आकड्याचं काय होतं, तेही बघा. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या. तिथं ज्यांची कबर सापडली नाही, अशा 40 हजारांहून जास्त माणसांसाठी बसऱ्याला स्मारक झालं. गोऱ्या शिपायाचं नाव भिंतीवर. आपला असेल तर अधिकाऱ्यापुरतं नाव, बाकी शिपाई पलटणीखाली संख्येत. नावं कागदावर असूनही असं झालं. ही वागणूक असमान होती, हे युद्धकबर आयोगानं मान्य केलं ते 2021 साली. सातारा-कोकणातल्या कित्येक गावांत त्या युद्धाच्या छोट्या शिळा आहेत. इतके गेले, पैकी इतके परतले नाहीत, एवढाच मजकूर. गावात कोण गेलं हे तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून चाललं असेल. आज पणतवंडांना त्या आकड्यातला आपला पणजोबा कसा ओळखू यावा?

उद्या उदगीरच्या किल्ल्यापाशी स्मारक करायचं ठरलं, तर आधी घोड्यावरचा पुतळा सुचेल, मग तोफ, मग रंगीत कारंजं. आमचा पुतळ्याला विरोध नाही. पण भाऊसाहेबांना आणखी एका पुतळ्याची गरज नाही, आणि मोत्यांची मोजदाद तर कधीच झालेली आहे. शिवाय, स्मारक फक्त जिंकलेल्यांचंच करायचं का? निजामाकडून लढलेल्यांतही या मुलखातली लेकरं असणारच, आणि आपल्या बाजूचे गारदी कुठले कुठले होते!

नावं आणायची कुठून, असं कुणी म्हणेल. पेशवाईत लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक मिळे. नेमणूक द्यायची तर बापाचं नाव लिहावं लागतं. म्हणजे दगडानं जे टाळलं, ते जमाखर्चानं लिहिलं. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल बांधून पडलेत. उदगीरच्या कॉलेजांतल्या चार पोरांनी मोडी शिकून 1760 ची बाडं उघडायला घेतली, तर पुतळ्याच्या वर्गणीतला थोडा पैसा त्यांच्या येण्याजाण्याला द्यावा, असं आम्ही इथल्या मंडळींना सुचवतो.