एक की अनेक? : लिनक्सच्या प्रोसेस-यादीतील थ्रेडांची गणना

कोणतीही यादी गणनेपूर्वी एक व्याख्या गृहीत धरीत असते. लिनक्समधील ‘पीएस’ ह्या साधनाने दाखविलेली प्रोसेसची यादी हे त्याचे बोलके उदाहरण होय. प्रोसेसला स्वतःचे स्मृतिक्षेत्र असते. तिच्यातील थ्रेड ते क्षेत्र सामाईकपणे वापरतात, परंतु प्रत्येकाचा कार्यक्रम स्वतंत्रपणे चालतो. मग अनेक थ्रेडांची प्रोसेस एक मानावी की अनेक?

१९९६ मध्ये झाव्हिए लरॉय ह्यांच्या लिनक्सथ्रेड्स ह्या ग्रंथालयाने ‘अनेक’ असे उत्तर दिले. कर्नलपाशी थ्रेड असा वेगळा वर्गच नव्हता. ‘क्लोन’ ह्या आवाहनाने स्मृती वाटून घेणारे नवे कार्य निर्माण होई व त्यास स्वतंत्र क्रमांक मिळे. साहजिकच यादीत प्रत्येक थ्रेडची ओळ निराळी दिसे. एखाद्या प्रोग्रॅमने चार थ्रेड निर्माण केले, तर मुख्य व व्यवस्थापक थ्रेड धरून सहा ओळी होत. प्रोग्रॅमची स्मृती २०० मेगाबाइट असल्यास प्रत्येक ओळीत तोच आकडा येई आणि बेरीज करणारा १२०० मेगाबाइटच्या भ्रमात पडे.

येथे यादी खोटे बोलत होती असे म्हणता येत नाही. कर्नल जे जाणत होता तेच ती सांगत होती. मात्र एका प्रोसेसमधील सर्व थ्रेडांचा प्रोसेस-क्रमांक एकच असावा, ही पॉझिक्स मानकाची अपेक्षा तीत भंग पावत होती.

२००३ मध्ये कर्नलची २.६ ही आवृत्ती व एनपीटीएल हे नवे ग्रंथालय आले आणि थ्रेडांचा गट रूढ झाला. कर्नलमध्ये आजही प्रत्येक थ्रेडची नोंद स्वतंत्रच असते. तिच्यातील ‘पिड’ ह्या नावाचा क्रमांक थ्रेडचा असतो. ‘गेटपिड’ मात्र गटाचा क्रमांक देते. म्हणजे एकच संज्ञा आत एका अर्थाने व बाहेर दुसऱ्या अर्थाने वावरते. संज्ञेची ही द्व्यर्थता हाच खरा दोष होय. तो मिटला नाही, केवळ झाकला गेला.

‘रामलक्ष्मणांना’ ह्या सामासिक रूपात पदे दोन, पण विभक्तिप्रत्यय एकच. प्रत्येक पदामागे प्रत्यय मोजणारा वैयाकरण चुकेल. पदे दोन नाहीतच म्हणणाराही चुकेल. स्मृती ही त्या प्रत्ययासारखी संपूर्ण समूहाची आहे, तर प्रोसेसरचा वेळ प्रत्येक थ्रेडचा वेगळा मोजता येतो. ‘टॉप’ ह्या साधनात थ्रेड पाहण्याची सोय निवडल्यास हे दोन्ही आकडे आजही एकाच ओळीत, समान दर्जाने शेजारी बसतात. एक दाखवावे की अनेक, हा वाद म्हणून गौण ठरतो. कोणता आकडा कोणाचा, हे यादीने स्पष्ट सांगितले पाहिजे. ते न सांगणारी यादी अचूक असूनही वाचकाची दिशाभूल करते.