मोजमापाचे शास्त्र आणि मोजलेले शरीर : नवजात प्राणवायू-तपासणी व सर्फिंगविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

मानवी शरीराविषयीचे ज्ञान प्रथम डोळ्यांनी मिळाले आणि पुढे उपकरणांनी ते तपासून घेतले. या दोहोंत जेथे विसंगती आढळते, तेथे संशोधनाला खरा विषय सापडतो. प्रस्तुत लेखात परस्परांपासून दूर वाटणाऱ्या दोन संशोधनक्षेत्रांचा एकत्र परामर्श घेतला आहे. पहिले क्षेत्र नवजात बालकाच्या रक्तातील प्राणवायूच्या तपासणीचे आहे. दुसरे समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होण्याच्या, म्हणजे सर्फिंग या खेळाच्या शारीरिक श्रमांचे आहे. एकात प्रश्न जीवनमरणाचा आहे, तर दुसऱ्यात क्रीडाकौशल्याचा. तरीही डोळ्यांना जे दिसते ते अपुरे असते, हे दोन्ही क्षेत्रांनी आकड्यांनी सिद्ध केले आहे. हे आकडे कोणाच्या शरीरावरून मिळाले आणि ते कोणाला लागू करावेत, हा प्रश्नही दोन्हीकडे सारखाच उभा राहतो.

डोळ्यांची मर्यादा

सर्फिंग म्हटले की लाटेवर तोल सावरत उभा असलेला खेळाडू नजरेसमोर येतो. मेअर व सहकाऱ्यांनी 1991 मध्ये हौशी खेळाडूंचे निरीक्षण केले. तेव्हा प्रत्यक्ष लाटेवर स्वार असण्याचा वेळ एकूण वेळेच्या सुमारे 5 टक्केच भरला. फळीवर पालथे पडून हातांनी वल्हवण्यात सुमारे 44 टक्के आणि लाटेची वाट पाहत थांबण्यात सुमारे 35 टक्के वेळ गेला. मेंडेझ-व्हियानुएवा व सहकाऱ्यांनी 2006 मध्ये स्पर्धात्मक खेळाडूंचा अभ्यास केला, त्यात वल्हवण्याचा वाटा 51 टक्क्यांहून अधिक आणि लाटेवर असण्याचा वाटा 4 टक्क्यांहून कमी होता. फार्ली व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हृदयगती-मापक व उपग्रहाधारित स्थाननिर्देशक वापरले. त्यांच्या अभ्यासात वल्हवण्याचा वाटा सुमारे 54 टक्के आणि लाटेवरील वेळ सुमारे 8 टक्के आढळला. या खेळाची खरी कसोटी पायांच्या तोलाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, खांदे, दंड आणि श्वसनक्षमता यांची असते, हे यावरून स्पष्ट होते. प्रशिक्षणाचा भर कोठे असावा, हे या मोजमापाने ठरवले.

नवजात बालकाच्या बाबतीत डोळ्यांची मर्यादा अधिक गंभीर ठरते. गंभीर जन्मजात हृदयदोष असलेली अनेक बालके जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत निरोगी दिसतात. गर्भावस्थेत महारोहिणी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी वाहिनी या काळात पूर्णपणे मिटलेली नसते आणि काही दोषांत रक्ताभिसरण तिच्याच आधाराने चालू राहते. ती मिटू लागली की बालक अकस्मात अत्यवस्थ होते, आणि तोवर ते अनेकदा घरी पोहोचलेले असते. त्वचा व ओठ निळसर पडणे हे या आजाराचे ओळखीचे लक्षण असले, तरी प्राणवायूची संपृक्तता बरीच खाली गेल्याशिवाय ते डोळ्यांना सहसा जाणवत नाही. सर्वसाधारण 95 टक्के आणि डोळ्यांना जाणवणारी पातळी यांच्यामधला हा पट्टा पल्स ऑक्सिमीटर वाचतो. जपानमधील ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये ज्या तत्त्वाचा पाया घातला, त्याच तत्त्वावर हे उपकरण चालते. तांबडा आणि अवरक्त प्रकाश त्वचेतून जाताना किती शोषला जातो, यावरून ते संपृक्तता काढते. तपासणीत उजवा हात आणि एक पाय या दोन ठिकाणी मापन करतात, कारण वाहिनीच्या अलीकडील व पलीकडील रक्तातला फरकच दोष सूचित करतो.

पुराव्याची चिकित्सा

या तपासणीचा पुरावा टप्प्याटप्प्याने उभा राहिला. दे-वाल ग्रानेली व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये पश्चिम स्वीडनमधील 39,821 बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केवळ ऑक्सिमीटरने सुमारे 62 टक्के दोष पकडले गेले. शारीरिक तपासणीची जोड दिल्यावर हे प्रमाण सुमारे 83 टक्क्यांवर गेले. म्हणजे उपकरण वैद्याची जागा घेत नाही, त्याच्या कौशल्याला पूरक ठरते. एवर व सहकाऱ्यांच्या 2011 मधील ब्रिटिश अभ्यासात 20,055 बालके होती आणि गंभीर दोषांसाठी संवेदनशीलता 75 टक्के होती. थंगरत्नम व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 13 अभ्यासांतील 2,29,421 बालकांची माहिती एकत्र केली. त्यात संवेदनशीलता 76.5 टक्के आणि विशिष्टता 99.9 टक्के निघाली. 2018 च्या कॉक्रेन पुनरावलोकनाने 21 अभ्यासांच्या आधारे जवळपास हाच निष्कर्ष काढला.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी की, चारपैकी साधारण एक गंभीर दोष तपासणीतून निसटतो. महारोहिणीच्या आकुंचनासारखे दोष विशेषकरून हुकतात. म्हणून ‘तपासणी व्यवस्थित’ हा शेरा निरोगीपणाचा दाखला मानता येत नाही, आणि पालकांना तो तसा सांगितला जाऊ नये. दुसरी सावधगिरी खोट्या धोकासूचनेविषयीची आहे. कॉक्रेन पुनरावलोकनाने दिलेल्या प्रमाणानुसार 10,000 वरकरणी निरोगी बालकांमध्ये सहांना गंभीर दोष असू शकतो. त्यांपैकी पाच सापडतात, एक निसटते, आणि 14 बालकांबाबत विनाकारण शंका उत्पन्न होते. तपासणी जन्मानंतर 24 तासांनी केल्यास खोट्या सूचना बऱ्याच घटतात.

मात्र ‘खोटी सूचना’ ही संज्ञाच येथे तपासून पाहण्यासारखी आहे. ब्रिटिश अभ्यासात ज्या 169 बालकांबाबत सूचना खोटी ठरली, त्यांपैकी सहांना अन्य महत्त्वाचा हृदयदोष होता आणि 40 बालकांना तातडीच्या उपचारांची गरज असलेला दुसरा आजार होता. सूचना हृदयदोषाच्या संदर्भात खोटी होती, बालकाच्या प्रकृतीच्या संदर्भात नव्हे. एखादा आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचला जातो, यावर त्याचे खरे-खोटेपण अवलंबून असते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा धडा होय.

एकच पुरावा, दोन निर्णय

अमेरिकेने 2011 मध्ये ही तपासणी नवजात बालकांच्या शिफारस केलेल्या तपासण्यांच्या यादीत समाविष्ट केली. अबूक व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले की, जेथे ती कायद्याने अनिवार्य झाली तेथे गंभीर जन्मजात हृदयदोषामुळे होणारे अर्भकमृत्यू सुमारे 33 टक्क्यांनी कमी झाले. ज्या राज्यांनी ती ऐच्छिक ठेवली, तेथे मात्र लक्षणीय घट आढळली नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय तपासणी समितीने सुमारे तोच पुरावा समोर असताना ती राष्ट्रीय कार्यक्रमात घेण्याची शिफारस केली नाही. निरोगी बालकांवर होणारे अनावश्यक उपचार व आईपासून ताटातूट यांना समितीने अधिक वजन दिले.

या मतभेदात ब्रिटिश समितीचा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परंतु जन्मपूर्व तपासणीत बरेच दोष आधीच सापडणाऱ्या व्यवस्थेत तो घेतला गेला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. जेथे गर्भाची सोनोग्राफी हृदयदोषाच्या दृष्टीने काटेकोर होत नाही, तेथे जन्मानंतरच्या तपासणीचे मोल वाढते. त्यामुळे ब्रिटनचा निष्कर्ष जसाच्या तसा भारतात आणणे तर्कसंगत ठरत नाही. भारतात 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाचा समावेश आहे. तथापि नवजात बालकाच्या पातळीवर त्याचा भर पाहणीवर आहे, म्हणजे ज्या डोळ्यांची मर्यादा वर स्पष्ट केली त्यांच्यावरच आहे. सप्टेंबर 2020 मध्ये महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकांनी घरोघर जाऊन ऑक्सिमीटर वापरला. उपकरण वापरण्याचे कौशल्य तळापर्यंत पोहोचू शकते, हे त्यातून दिसले. मात्र मापनानंतर इकोकार्डिओग्राफी आणि शस्त्रक्रिया यांची वाट मोकळी नसेल, तर तपासणीने पालकांच्या पदरी केवळ चिंता पडेल.

कोणाचे शरीर?

दोन्ही क्षेत्रांतील संशोधनाची सामाईक उणीव नमुन्याच्या निवडीत आहे. मेअर यांचा अभ्यास मोजक्या पुरुष खेळाडूंवर आधारलेला होता आणि 2006 च्या अभ्यासातील 42 खेळाडूही पुरुषच होते. त्यावरून ‘सर्फिंगचे शारीरिक श्रम’ असे सर्वसामान्य शीर्षक देणे ही व्याप्तीची अतिशयोक्ती आहे. शिवाय लाटांचा आकार आणि दोन लाटांमधील अंतर बदलले की वल्हवणे व थांबणे यांचे प्रमाणही बदलते. ऑक्सिमीटरबाबत शोडिंग व सहकाऱ्यांनी 2020 मध्ये प्रौढ रुग्णांचा अभ्यास केला. उपकरणाने 92 ते 96 टक्के संपृक्तता दाखवूनही धमनीतील प्रत्यक्ष संपृक्तता 88 टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के, तर श्वेतवर्णीयांत 3.6 टक्के आढळले. हा अभ्यास नवजातांचा नाही, म्हणून त्याचे आकडे बालकांना थेट लावता येत नाहीत. परंतु प्रकाश त्वचेतूनच जातो, आणि स्वीडन व ब्रिटनमधून आलेला पुरावा सावळ्या त्वचेच्या प्रदेशात वापरायचा असल्यास तो तेथील बालकांवर पडताळणे शास्त्रीयदृष्ट्या आवश्यक ठरते. उंच प्रदेशांत संपृक्तता मुळातच कमी असते, हेही येथे विचारात घ्यावे लागते.

निष्कर्ष

1. दोन्ही क्षेत्रांत मोजमापाने दृश्य प्रतिमेला छेद दिला. सर्फिंगमधील मुख्य श्रम लाटेवर होत नाहीत आणि बालकाचा धोका त्वचेच्या रंगावरून वेळेवर कळत नाही.

2. प्राणवायू-तपासणीचा पुरावा भक्कम आहे, परंतु ती शारीरिक तपासणीला पूरक आहे, पर्यायी नाही.

3. तपासणी अनिवार्य व पुढील उपचारांशी जोडलेली असेल तेव्हाच तिचा लाभ मृत्युदरात दिसतो.

4. क्रीडासंशोधनातील संकुचित नमुन्याची किंमत चुकीच्या सरावाने मोजावी लागते. वैद्यकीय संशोधनात तीच किंमत एखाद्या बालकाच्या जिवाने मोजावी लागू शकते. म्हणून परदेशी आकडा स्वीकारताना त्यामागील शरीर कोणाचे, हा प्रश्न विचारणे हे संशोधकाचे आद्य कर्तव्य होय.