‘द डॉलमेकर’ : कुटुंबाच्या स्थलांतराचा हिशेब

प्रास्ताविक

चांगल्या उत्पन्नाच्या अपेक्षेने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारे कुटुंब हा अमेरिकन कादंबरीचा एक महत्त्वाचा विषय आहे. या विषयाचा उल्लेख होताच जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) या कादंबरीचे नाव पुढे येते. तिला १९४० चे पुलित्झर पारितोषिक लाभले, त्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला आणि आपल्याकडील इंग्रजीच्या विद्यार्थ्यांनाही ती परिचित आहे. हॅरिएट अर्नो (१९०८-१९८६) यांच्या ‘द डॉलमेकर’ (१९५४) या कादंबरीला मात्र असे स्थान मिळाले नाही. १९५५ च्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत ती होती. पारितोषिक विल्यम फॉकनर यांच्या ‘अ फेबल’ला मिळाले. पुढे १९७० च्या दशकात जॉइस कॅरोल ओट्स यांच्यासारख्या लेखिकेने तिचे महत्त्व ठासून सांगितले. तरीही ‘खेड्यातून शहरात आलेल्या स्त्रीची शोकांतिका’ एवढीच तिची ओळख बहुधा दिली जाते.

ही ओळख अपुरी आहे. स्थलांतराने कुटुंबाचा फायदा होतो असे म्हटले जाते तेव्हा तो हिशेब कोण मांडतो आणि त्यात कोणाच्या खात्यावर काय लिहायचे राहून जाते, हा या कादंबरीचा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने कादंबरीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ प्रदेशातून १९४० ते १९७० या काळात तीस लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. कोळशाच्या खाणींची अनिश्चितता, डोंगरउतारावरची अल्प उत्पन्नाची शेती आणि उत्तरेकडील कारखान्यांतील मजुरी ही त्यामागची प्रमुख कारणे होत. दुसऱ्या महायुद्धात डेट्रॉइटचे मोटार कारखाने विमाने, रणगाडे आणि दारूगोळा यांच्या उत्पादनाकडे वळले आणि केंटकी, टेनेसी या राज्यांतून मनुष्यबळाचा ओघ मिशिगनकडे सुरू झाला. स्वतः अर्नो केंटकीच्या. युद्धाच्या अखेरच्या काळात त्याही डेट्रॉइटला आल्या आणि कामगारांसाठी उभारलेल्या सरकारी वसाहतीत राहिल्या. कादंबरीतील ‘मेरी हिल’ या वसाहतीचे बारकावे त्यामुळेच इतके नेमके उतरले आहेत : एकमेकींना खेटून उभी घरे, पातळ भिंतींतून ऐकू येणारा शेजाऱ्यांचा संसार, एका बाजूला पोलादाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला रेल्वेचा रूळ आणि डोक्यावरून जाणारी विमाने.

निर्णय कोणाचा?

स्टाइनबेक यांच्या जोड कुटुंबापुढे पर्याय नाही. दुष्काळ, कर्ज आणि ट्रॅक्टर यांनी त्यांची जमीन काढून घेतलेली आहे. कॅलिफोर्नियात मजूर हवेत अशी छापील पत्रके त्यांच्या हाती पडतात आणि ते निघतात. कादंबरीचा रोख जमिनीची मालकी आणि मजुरांचे शोषण यांवर आहे. स्थलांतराचा निर्णय कुटुंब एकत्र बसून घेते. त्या निर्णयाकडे कादंबरी फारसे संशयाने पाहत नाही. अपवाद एकच. म्हातारा आजा ऐन वेळी जायला नकार देतो, तेव्हा त्याला औषध पाजून गुंगीत ट्रकवर चढवले जाते आणि प्रवास नीट सुरू होण्याआधीच तो मरतो. कुटुंबाच्या एकमताखाली दडपलेला एक नकार येथे क्षणभर दिसतो. स्टाइनबेक तेथून पुढे जातात. अर्नो यांची कादंबरी जणू त्या नकारापाशीच थांबते.

गर्टी नेव्हल्स ही पाच मुलांची आई. धिप्पाड, कष्टाळू, हातात नेहमी चाकू आणि लाकूड. अंडी आणि शेतातला माल विकून तिने पंधरा वर्षे पै-पै साठवली आहे. युद्धात मारल्या गेलेल्या भावाचे काही पैसेही तिला मिळाले आहेत. या रकमेतून ‘टिप्टन प्लेस’ नावाची शेतजमीन विकत घेण्याचे ती ठरवते. जमिनीचा मालक, तिचा मामा, तयारही होतो. याच सुमारास सैन्यभरतीच्या तपासणीसाठी गेलेला तिचा नवरा क्लोव्हिस परस्पर डेट्रॉइटला जातो. तेथे त्याला यंत्रदुरुस्तीचे काम मिळते आणि तो कुटुंबाला बोलावून घेतो.

म्हणजे जोड कुटुंबाला नसलेला पर्याय गर्टीपाशी आहे आणि तो तिने स्वतः कमावलेला आहे. तो हिरावून घेते तिची आईच. पत्नीने पतीच्या मागे जावे, हे बायबलच्या आधाराने सांगत ती गर्टीवर पापाचा ठपका ठेवते आणि व्यवहार मोडायला लावते. मामा पैसे परत करतो. अंगाने पुरुषालाही भारी असलेली गर्टी या वेळी एक शब्द बोलत नाही. पुढे आगगाडीच्या गर्दीत अवघडून केलेला डेट्रॉइटचा प्रवास हा या मौनाचाच विस्तार आहे.

हिशेबाच्या दोन रीती

अर्थशास्त्राने या प्रश्नाकडे पुढे लक्ष दिले. लॅरी शास्टाड यांनी १९६२ मध्ये स्थलांतराकडे मानवी भांडवलातील गुंतवणूक म्हणून पाहिले. आप्तस्वकीय आणि परिचित परिसर सोडण्याचा मानसिक खर्च असतो हे त्यांनी मान्य केले. परंतु त्यात साधनसामग्री खर्ची पडत नसल्याने गुंतवणुकीच्या हिशेबात तो धरू नये असे त्यांचे म्हणणे होते. जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये निर्णयाचे एकक व्यक्ती नसून कुटुंब आहे असे मांडले. एकाचा लाभ दुसऱ्याच्या तोट्याहून अधिक असेल तर कुटुंब स्थलांतर करते. अशा वेळी स्वतःचा तोटा होत असूनही सोबत जाणारा सदस्य हा ‘बांधील स्थलांतरित’ ठरतो. गर्टीचे वर्णन याहून नेमक्या शब्दांत करता येणार नाही. मात्र मिन्सर यांच्या मांडणीत तोट्याची भरपाई एकूण लाभातून होऊ शकते असे गृहीत आहे. ती भरपाई होते का, हे अर्नो यांनी त्याआधी चोवीस वर्षे तपासून पाहिले होते.

त्यासाठी त्यांनी पैशाचाच आधार घेतला, हे विशेष. गर्टी ही भावविवश स्त्री नाही. कादंबरीतील सर्वांत दक्ष हिशेबनीस तीच आहे. केंटकीत तिच्या घरचे जेवण जवळजवळ सगळे तिच्याच शेतातले, गोठ्यातले आणि खुराड्यातले असते. त्या जेवणाची किंमत कोणत्याही वहीत नसते, म्हणून ती शून्य समजली जाते. डेट्रॉइटमध्ये तीच अंडी, तेच दूध विकत आणावे लागते आणि तेही शिळे. क्लोव्हिसचा पगार केंटकीतल्या मिळकतीच्या मानाने मोठा आहे यात शंका नाही. पण घरभाडे, किराणा, मुलांचे कपडे आणि हप्ते यांत तो विरघळतो. नाताळला क्लोव्हिस हप्त्यावर शीतकपाट आणतो. पूर्वी जी घरात अन्न पिकवत होती तिच्यासाठी आता अन्न ठेवायचे यंत्र आले आणि त्याच्यासाठी कर्ज झाले. अर्नो यावर भाष्य करीत नाहीत. आकडे तेवढे समोर येत राहतात.

असे असूनही कादंबरी क्लोव्हिसला खलनायक करीत नाही. ट्रकने कोळसा वाहून त्याचे भागत नव्हते. यंत्रांतली त्याची गती केंटकीत वाया जात होती. शिवाय गर्टीचे गाव म्हणजे स्वर्ग नव्हे. गावात शाळेला शिक्षक उरलेला नाही, डॉक्टर हाकेच्या अंतरावर नाही. कादंबरीच्या प्रारंभीच श्वास कोंडलेल्या अमॉसला घेऊन गर्टी खेचरावरून निघते, रस्त्यावर लष्करी अधिकाऱ्याची मोटार अडवते आणि स्वतःच्या चाकूने मुलाच्या गळ्याला छेद देऊन त्याचे प्राण वाचवते. हा प्रसंग तिच्या कर्तृत्वाचा जितका, तितकाच त्या प्रदेशाच्या उपेक्षेचा पुरावा आहे. स्थलांतरामागची कारणे खरी आहेत हे लेखिकेला मान्य आहे. म्हणूनच तिचा प्रश्न टाळता येत नाही.

‘जुळवून घेणे’

डेट्रॉइटच्या शाळेतील शिक्षिका गर्टीला सांगते की मुलांनी जुळवून घेतले पाहिजे. हा शब्द पुढे कादंबरीभर घुमत राहतो. क्लायटी आणि इनॉक शहराची भाषा, रेडिओ, चित्रकथा लवकर आत्मसात करतात. डोंगरी म्हणून होणाऱ्या हेटाळणीपासून वाचण्याचा तोच मार्ग असतो. थोरल्या रूबेनला ते जमत नाही आणि तो केंटकीला निघून जातो. एकाच कुटुंबातील, एकाच घरातील मुलांवर स्थलांतराचा परिणाम इतका निराळा होतो. ‘कुटुंबाचा फायदा’ हा शब्दप्रयोग येथे निरर्थक ठरतो, कारण कोणत्या मुलाचा, असे विचारावे लागते.

लहानग्या कॅसीची गोष्ट याहून दारुण आहे. कॅली लू नावाची एक काल्पनिक सखी तिने गावाहून सोबत आणली आहे. असे एकटेच बोलणे शहरात शोभत नाही, मुलीला लोक वेडी ठरवतील, या दडपणाखाली गर्टी तिला सांगते की कॅली लू नाहीच. सखीला वाचवण्यासाठी कॅसी घरापासून दूर, रुळांजवळ लपून खेळू लागते आणि आगगाडीखाली तिचे पाय तुटतात. आईची हाक वरून जाणाऱ्या विमानाच्या आवाजात बुडते. जिथे डॉक्टर नव्हता तिथे आईच्या हातांनी मूल वाचले. जिथे रुग्णालय आहे तिथे ते हात निरुपयोगी ठरले. जमिनीसाठी जपलेले पैसे घेऊन ती धावते, पण त्या पैशाने आता काहीच विकत घेता येत नाही.

या दोन्ही प्रसंगांतला समान दुवा समीक्षेत पुरेसा अधोरेखित झालेला नाही. आईपुढे गर्टी गप्प राहिली तेव्हा जमीन गेली. जनरीतीपुढे ती नमली तेव्हा मुलगी गेली. दोन्ही वेळा तिचे मन खरे काय ते जाणत होते. म्हणून ही कादंबरी केवळ परिस्थितीने गांजलेल्या स्त्रीची कथा राहत नाही. बांधील स्थलांतरिताच्या स्वतःच्या वाट्याला येणारी जबाबदारीही ती लपवीत नाही.

ओंडका

गर्टीने केंटकीहून जंगली चेरीच्या लाकडाचा एक मोठा ओंडका आणलेला असतो. त्यातून एक मानवाकृती ती कोरते आहे. पण तिचा चेहरा ख्रिस्ताचा की ज्यूडासचा, हे तिला ठरवता येत नाही. तिच्या मनातला ज्यूडास घेतलेले पैसे परत करणारा, पश्चात्तापदग्ध आहे. पैशाच्या मोबदल्यात काय देऊन टाकले, हा प्रश्न असा प्रतिमेतूनही उभा राहतो.

युद्ध संपते, कामगारांचा संघर्ष पेटतो आणि क्लोव्हिसचे काम थांबते. या भागाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये जनरल मोटर्समध्ये सुरू झालेला संप ११३ दिवस चालला होता. घर चालवण्यासाठी गर्टी लाकडी बाहुल्या करू लागते. वेळ वाचावा म्हणून क्लोव्हिस करवतीचे यंत्र तयार करतो आणि कोरणारा हात एकसारखे नग रंगवू लागतो. शेवटी मोठ्या मागणीसाठी लाकूड हवे म्हणून ती तो ओंडका लाकडाच्या वखारीत नेते आणि पहिला घाव स्वतः घालते. चेहऱ्याचे काय, या प्रश्नावर तिचे उत्तर असे की गल्लीतल्या शेजाऱ्यांपैकी कोणाचाही चेहरा चालला असता. ज्या शहराने तिला लुबाडले तेथील माणसांत तिला हा चेहरा दिसावा, यात कादंबरीची उंची आहे. आणि तो दिसला तेव्हा लाकूड उरले नव्हते, यात तिची वेदना आहे.

मर्यादा आणि रूपांतरे

कादंबरीत काही उणिवा आहेत. तिचा विस्तार मोठा असून संपाच्या प्रकरणांत पात्रांची गर्दी होते. ख्रिस्त आणि ज्यूडास यांचे प्रतीक अधूनमधून फार उघडपणे बोलू लागते. डोंगरी बोलीतले संवाद ही तिची शक्ती असली, तरी अनुवादकापुढे आणि परदेशी वाचकापुढे ती मोठी अडचण आहे.

रूपांतरांतून मात्र एक बोलकी गोष्ट दिसते. जेन फोंडा यांची प्रमुख भूमिका असलेल्या १९८४ च्या दूरचित्रवाणीपटात बाहुल्यांच्या कमाईवर कुटुंब केंटकीला परत निघते. जॉन फोर्ड यांच्या १९४० च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्येही प्रसंगांचा क्रम बदलून शेवट आशादायक केला होता. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला हिशेब जुळलेला हवा होता. अर्नो यांनी तो जुळवून दिला नाही. तिच्या गर्टीला परतीची वाट नाही, कारण जी जमीन तिची होऊ शकली असती ती तिची झालीच नाही.

समारोप

या कादंबरीचे वाचन मराठी अभ्यासकाला परके वाटण्याचे कारण नाही. भारतीय जनगणनेत स्थलांतराच्या कारणांमध्ये ‘कुटुंबासह स्थलांतर’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात नोंद होते, पण निर्णय कोणाचा होता हे कळत नाही. बीड जिल्ह्यातून कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या ऊसतोड मजुरांत पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून उचलही जोडीच्या नावे दिली जाते. गर्टीची आणि ऊसतोड करणाऱ्या स्त्रीची परिस्थिती एक नाही. दारिद्र्य, जात आणि हंगामी फेऱ्या यांनी ती फार वेगळी होते. परंतु दोघांचे मिळून एकच खाते धरण्याची रीत दोन्हीकडे आहे.

साहित्यकृती आकडेवारीची जागा घेऊ शकत नाही. आकडेवारीत कोणता रकाना नाही, हे मात्र ती दाखवू शकते. ‘द डॉलमेकर’ने १९५४ मध्ये ते दाखवले. स्थलांतराच्या अभ्यासक्रमात, मग तो साहित्याचा असो, अर्थशास्त्राचा असो वा समाजशास्त्राचा, या कादंबरीला स्थान मिळाले पाहिजे ते याच कारणासाठी.