तैग्रिस नदीवरील मोटारहोड्या : दोन साधनांचें परीक्षण

पहिल्या महायुद्धांतील मेसोपोटेमियाच्या मोहिमेसंबंधीं लिहितांना १९१७ सालच्या चौकशी-मंडळाच्या अहवालाचा आधार घेण्याची वहिवाट आहे. लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालीं १९१६ च्या ऑगस्टांत नेमलेल्या या मंडळाच्या अहवालाचें वजन मोठें. तो प्रसिद्ध होतांच जुलै १९१७ मध्यें भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. तथापि साधन वजनदार असलें म्हणजे तें प्रत्येक प्रश्नास पुरतेंच असें नाहीं. नदीवरील वाहतुकीच्या बाबतींत तें कोठें तोकडें पडतें, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मंडळापुढील मुख्य प्रश्न दोष कोणाचा हा होता. त्यामुळें बसरा, सिमला व लंडन यांमधील तारांचा व पत्रांचा त्यांत बारीक विचार झाला आहे. जनरल निक्सन यांनीं जुलै १९१५ मध्यें नदीच्या बोटींची मागणी केली व त्या वेळेवर आल्या नाहींत, हा भाग निर्विवाद आहे. परंतु बोटींची गणती म्हणजे वाहतुकीची शक्ति नव्हे. ती नदीवर ठरते, आणि नदीची साक्ष या कागदांत थोडीच सांपडते.

तैग्रिसला वसंतांत बर्फ वितळून पूर येतो. शरदांत पाणी अगदीं उतरतें. कुर्ना व अमारा यांच्या दरम्यान पात्र इतकें अरुंद व वांकडें आहे कीं, दोन मोठ्या बोटी समोरासमोर आल्या म्हणजे एकीला थांबणें भाग पडे. पूर ओसरला कीं गाळाचे दांडे जागा बदलीत. अशा पाण्यांत मोटारहोडीचा उपयोग मोठा, पण तिच्या अडचणीहि वेगळ्या. साध्या होडीचा पंखा तळाखालीं असतो; तो गाळांत रुतला कीं पातें मोडे अगर दांडा वांके. म्हणून उथळ पाण्यासाठीं बांधलेल्या नावांत पंखा तळाच्या खोबणींत, बोगद्यासारख्या जागीं, बसवीत. दुसरें असें कीं, यंत्र थंड ठेवण्यास नदीचेंच पाणी घ्यावें लागे. तें गढूळ असल्यानें नळ्या तुंबत, पंप झिजे आणि यंत्र तापून बंद पडे. तिसरें, उथळ पाण्यांत वेग वाढविला तर होडीची पिछाडी खालीं बसते व ती तळाला लागते. म्हणून घाईच्या वेळींच चालकास सावकाश जावें लागे. सारांश, कागदावर मोजलेली होडी व त्या दिवशीं चालती असलेली होडी यांत पुष्कळ अंतर पडतें. या अंतराचा हिशेब नसेल, तर मागणी पुरी झाली असती तरी काय घडलें असतें, याचा निर्णय अपुऱ्या पुराव्यावरच राहतो.

दुसरें साधन लेफ्टनंट-कर्नल हॉल यांचें १९२१ सालचें मेसोपोटेमियांतील जलवाहतुकीवरील पुस्तक. अहवालांत नाहीं तो कामाचा तपशील येथें मिळतो, म्हणून त्याची योग्यता मोठी. मात्र ग्रंथकार त्याच खात्यांतले. १९१६ च्या सप्टेंबरांत स्वतंत्र जलवाहतूक खात्यानें कारभार हातीं घेतला, व ११ मार्च १९१७ रोजीं बगदाद पडलें. खात्याच्या यशाची हकीकत खात्याचाच मनुष्य सांगूं लागला म्हणजे आधीचा काळ अधिक काळा दिसणें स्वाभाविक होय. अहवाल आरोपपत्रासारखा, हॉलचें पुस्तक कामगिरीच्या दाखल्यासारखें. दोन्ही जपून वाचावयास हवीं.

हा वाद केवळ यंत्रांचा नाहीं. ७ डिसेंबर १९१५ पासून कूट येथें वेढ्यांत सांपडलेल्या पुणें डिव्हिजनमध्यें १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. सुटकेसाठीं येणाऱ्या फौजा बोटींच्या अभावीं बसऱ्यास अडकून तुकड्यातुकड्यांनीं पुढें गेल्या. अखेरीस २४ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें २७० टन सामग्री घेऊन ‘जुलनार’ निघाली. वाटेंत पात्रावर ताणलेल्या दोरास अडकून ती शत्रूच्या हातीं पडली. पांच दिवसांनीं कूट शरण गेलें. त्या बोटीचे अधिकारी फर्मन व काउली यांचीं नांवें इतिहासांत राहिलीं, तीं रास्तच. परंतु या नद्यांवर पडाव ओढणाऱ्या हिंदी सारंगांचीं, तांडेलांचीं, खलाशांचीं व यंत्रावर बसणाऱ्यांचीं नांवें या दोन्ही साधनांत शोधून फारशीं हातीं लागत नाहींत. १९२९ सालीं उभारलेल्या बसरा स्मारकावरहि हिंदी शिपायांच्या बाबतींत पुष्कळ ठिकाणीं नांवांऐवजीं आंकडा कोरला गेला.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति अशी. सनदा, महजर व पोथ्या आपण जपतों. तशींच सातारा, रत्नागिरी या बाजूच्या घरांतून नोकरीचे दाखले, मनीऑर्डरीचे कागद, ‘बसरा’ असा शिक्का असलेलीं पत्रें मिळालीं तर टाकूं नयेत. कागदाची नक्कल करतांना गांव, घराणें व तो कोणाकडून मिळाला हें अवश्य टिपावें. साहेबांच्या तारांवरून दोष कोणाचा हें कळलें. नदीवर काम कोणीं केलें, हें या कागदांवरूनच कळेल.